भोक सरकलेलं नाणं आणि एक तारा

गेल्या महिन्याच्या तेवीस तारखेला, सकाळी सव्वाअकरा वाजता, नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर माझं आणि त्याचं लग्न झालं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. असं काही घडलंच नाही असं समजून पुढे चला. कारण मला जिथून सांगायचंय, त्या मंगळवारी मला त्या माणसाचा फक्त अंगठा माहीत होता... आणि तोही मला आवडत नव्हता.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. बाबा मागच्या खोलीत काचा घासतात, आत्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर मतं देते, आणि मधल्या काळोख्या खोलीत मी डोळे तपासते. त्या मंगळवारी दुपारी साडेतीनला एक उंच मुलगा दुकानाच्या दाराशी आला आणि दार ढकलू लागला. दारावर इंचभर उंच अक्षरांत ‘ओढा’ लिहिलेलं आहे. त्याचं नाक त्या अक्षरांपासून वीतभर लांब होतं. तो ढकलतच राहिला.

“आपला आहे,” आत्या म्हणाली. आत्याला गिऱ्हाईक लांबून कळतं.

मी आतून दार उघडलं. अंगात लिफ्टच्या कंपनीचा निळा शर्ट, खिशात तीन स्क्रूड्रायव्हर, आणि चेहऱ्यावर शाळेतून चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाचा आज्ञाधारकपणा.

“डोळे तपासायचेत,” तो म्हणाला. “म्हणजे मला तसा काही त्रास नाही. पण एका बाईंनी लेखी कळवलंय.”

“डॉक्टरबाईंनी?”

“नाही. गिऱ्हाइकाने.”

असं म्हणून त्याने उजवा हात काउंटरवर ठेवला. आणि मला तो अंगठा दिसला. नखावर मधोमध उभी खाच, डाव्या बाजूला बारीकसा तीळ, आणि एकूण आविर्भाव असा, की जग आपल्यासाठीच मागे उभं आहे.

हा अंगठा मी मोबाइलवर मोठा करकरून अकरा वेळा पाहिला होता.

आता अंगठ्याचं सांगते.

बाबांकडे एक अल्बम आहे. त्यात टाकसाळीने चुकवलेली नाणी आहेत. एकावर छाप दोनदा बसलाय, एकाची मागची बाजू कोरीच राहिलीय, एकाचा कडेने कुणी चावा घेतल्यासारखा तुकडा गेलाय. दिवसभर लोकांच्या काचांचा मध्य अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जुळवणाऱ्या माणसाला घरी आल्यावर थोडी चूक बघायला बरं वाटतं, असं मी समजते. त्या अल्बमच्या सातव्या पानावर त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं होतं. मधोमध भोक असलेलं जुनं पितळी नाणं, पण याचं भोक मधोमध नव्हतं. ते सरकून पार कडेला गेलं होतं, पलीकडे जेमतेम नखाएवढी पट्टी उरली होती.

नऊ वर्षांची असताना मी ते अल्बममधून काढलं आणि स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रात टाकलं. मला माझं वजन बघायचं होतं. यंत्राने काही हरकत घेतली नाही. खाली तिकीट पडलं. वजन चोवीस किलो, आणि मागे भविष्य: ‘आपल्या हातून मोठी कामे होतील.’

बाबांनी कधी विचारलं नाही. पान सातवरचा तो प्लास्टिकचा खिसा रिकामा राहिला, आणि त्याखाली त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच: ‘भोक सरकलेले. एकच नग.’ कुणी विचारलं तर म्हणायचे, “ते फिरायला गेलंय.” अठरा वर्षं ते फिरत होतं. आणि आता येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं, बाबा आयुष्यात पहिल्यांदा अल्बम घराबाहेर नेणार होते, आणि तो नेमका पान सातवर उघडा ठेवणार होते. पान सातच का, असं विचारलं तर म्हणाले, “मला तेच आवडतं.”

रिकामा खिसा मी केला होता, तर भरणारही मीच.

तशी गेली दोन वर्षं मी ऑनलाइन नाणी विकणाऱ्या लोकांशी व्यवहार करत होते. हे लोक वाईट नसतात. फक्त त्यांचं लक्ष दुसरीकडे कुठेतरी असतं. एकाने नाणं पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवून पाठवलं. पुठ्ठा छान होता. एकाचा लिफाफा आला तेव्हा त्याला कोपऱ्यात नाण्याएवढं भोक पडलेलं होतं आणि आत काहीच नव्हतं, म्हणजे भोक तेवढं वेळेवर पोहोचलं. एकाने नाण्याचा रंगीत फोटो पाठवला. तक्रार केली तर म्हणाला, जाहिरातीत ‘फोटोप्रमाणे’ असंच लिहिलंय. आणि एकाने साध्या नाण्याला स्वतःच कडेला दुसरं भोक पाडून दिलं. पाकिटात पितळेचा भुगासुद्धा होता. तो फुकट होता.

मग तीन आठवड्यांपूर्वी ‘खजिना_बावीस’ नावाच्या विक्रेत्याची जाहिरात दिसली. ‘भोकाचं नाणं. भोक थोडं चुकलंय. बाकी चांगलं आहे.’ खाली सात फोटो. सातही फोटोंत एक पिवळसर ढग, आणि ढगाच्या शेजारी... अतिशय स्पष्ट, टिपकागदासारखा बारकावा टिपणारा... अंगठा.

मी विचारलं, ‘भोक नक्की सरकलेलं आहे का?’

‘हो. मामा म्हणायचे.’

‘फोटोत काही दिसत नाहीये.’

‘फोटो स्पष्ट आहे.’

‘तुमच्या अंगठ्याचा स्पष्ट आहे.’

‘धन्यवाद.’

त्याने आणखी चार फोटो पाठवले. ढग जरा दाटला होता.

तरी मी घेतलं. आशा ही माणसाला नको तिथे बटण दाबायला लावते. आठवड्याने पार्सल आलं. टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्यात, कापसात, नाणं. इतकं चकचकीत की आत्याने त्यात बघून टिकली सरळ केली. पुदिन्याचा वास. भोक मधोमध. मी पट्टीने मोजलं, चारी बाजूंनी सारखं. टाकसाळीने इतकं अचूक काम कधी केलं नसेल.

चुकीचं नाणं आलं याचं दुःख मोठं, पण ते घासलंय याचं त्याहून मोठं. जुन्या नाण्यावर जो काळपट थर असतो ते त्याचं वय असतं. तो टूथपेस्टने घासणं म्हणजे आजीच्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवणं. मी विक्रेत्याला कळवलं. त्याने दहा मिनिटांत पैसे परत केले, माफी मागितली, आणि लिहिलं की डब्यात आता भोकाचं एकही नाणं शिल्लक नाही, सगळी विकली गेली.

मी एक तारा दिला. खाली लिहिलं: ‘नाणे चुकीचे. फोटो अंधूक. नाणे घासून त्याचे वाटोळे केले आहे. विक्रेत्याने डोळे तपासून घ्यावेत.’

त्यावर त्याचं उत्तर: ‘सूचनेबद्दल आभारी आहे.’

आणि आता तो सूचनेचं पालन करायला आला होता. आमच्याकडे. पार्सल नुसत्या आडनावाने घरच्या पत्त्यावर आलं होतं, त्यामुळे मी कोण हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. मी सांगितलंही नाही. सरकारी गुपितासारखा चेहरा केला आणि म्हटलं, “या आत.”

लांबचा तक्ता त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्याखाली छापखान्याचं नाव असतं, तेही वाचलं. मग मी जवळचं कार्ड हातात दिलं.

“कोरं आहे,” तो म्हणाला.

“कोरं नाहीये.”

“मग फार लाजाळू अक्षरं आहेत.”

मी त्याच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवली. ती फ्रेम चढवल्यावर कुणीही माणूस बिघडलेल्या रेडिओसारखा दिसतो. तो बरा दिसत होता. मी याची नोंद घेतली नाही.

“तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता. बटणांच्या तारा जोडताना जवळचं दिसत नसेल तर कसं करता?”

“सवयीने. हाताला कळतं.” मग जरा थांबून... “एकदा चौथ्या मजल्याचं बटण सहाव्याला जोडलं गेलं होतं. पण लोकांना व्यायाम झाला.”

“आता सांगा. हे बरं... की हे?”

“पहिलं.”

“हे... की हे?”

“दुसरं. दुसऱ्याला तुम्ही हसलात.”

“मी हसले नाही.”

“मग परत दाखवा. नीट बघून सांगतो.”

असे प्रश्न विचारताना मी रोज चाळीस लोकांच्या चेहऱ्याशी वीतभर अंतरावर असते. मला कधी काही वाटत नाही. त्या दिवशी वीत जरा आखूड वाटली, एवढंच.

“ज्या बाईंनी लिहिलं,” मी काच बदलता बदलता म्हटलं, “त्या बाईच आहेत हे कशावरून?”

“एका चुकीसाठी चार वाक्यं. चारही शुद्ध. आणि राग पूर्णविरामांसकट.” तो विचारात पडला. “साठीच्या पुढच्या असाव्यात. मुख्याध्यापिका वगैरे. मला तर वाचून उभंच राहावंसं वाटलं.”

“वाईट वाटलं?”

“नाही ओ. बाकीचे लोक सरळ शिव्या देतात. त्यांनी उपाय सांगितला. मी जवळपासचं दुकान शोधलं आणि आलो.” मग हळू आवाजात... “फक्त त्यांचं नाणं कुठे गेलं, ते काही कळत नाही. त्यांना ते फार हवं होतं. तसं त्यांनी कुठे लिहिलं नाही... पण अकरा फोटो मागणारं माणूस उगाच मागत नाही.”

मी काच खाली ठेवली. मला काहीतरी मोजायची गरज होती. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायची पट्टी मी त्याच्या नाकावर टेकवली.

“माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा.”

त्याने बघितलं.

“आता उजव्या.”

“दोन्हींकडे एकदम बघितलं तर चालत नाही का?”

“तपासणीत नाही.”

“आणि तपासणीनंतर?”

“तपासणीनंतर गल्ल्यावर आत्याकडे बघायचं.”

चौसष्ट मिलिमीटर. मी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती.

बाहेर आत्याने त्याला सहा फ्रेम लावून बघितल्या. गोल फ्रेम काढून घेत म्हणाली, “ही नको. आधीच भोळा दिसतोस, यात अगदीच कुणीही फसवेल.” आमच्याकडे गिऱ्हाइकाला ‘अहो’ म्हणतात. आत्या दहा मिनिटांत अरे-तुरेवर आली होती. मी पावतीवर ‘गुरुवार’ लिहिलं.

गुरुवारी तो आला आणि दार ओढलं... सवयीने ढकलून झाल्यावर. मी चष्मा त्याच्या कानांवर नीट बसवला, कडा तपासल्या, आणि वाचायला नेहमीचं कार्ड देण्याऐवजी एक छापलेला कागद हातात दिला.

तो मोठ्याने वाचू लागला. “नाणे चुकीचे... फोटो अंधूक...” आवाज बारीक होत गेला. “विक्रेत्याने डोळे तपासून घ्यावेत.”

त्याने कागदावरून नजर उचलली. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याला पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी केस सारखे केले. उशीर झाला होता.

“तुम्ही?”

“साठीच्या पुढची,” मी म्हटलं. “मुख्याध्यापिका.”

“दोन्ही चुकलं माझं.” तो बघतच होता. “पण तेव्हा चष्मा नव्हता.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. अल्बम, पान सात, वजनाचं यंत्र, चोवीस किलो, रविवार. हे मी आत्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आत्या गल्ल्यावर बसून ऐकत होती, त्यामुळे तिलाही एकदाचं कळलं.

“डब्यात भोकाची एक्केचाळीस नाणी होती,” तो म्हणाला. “चाळीस साधी आणि एक चुकलेलं. मामा त्यांच्या मुलीकडे राहायला गेले, म्हणाले विकून टाक. मी आधी सगळी घासली. दुसऱ्याला घाण वस्तू देऊ नये, असं आई म्हणते. मग चाळीस एकगठ्ठा एका बाईंना दिली आणि एक तुम्हाला.”

“म्हणजे माझं त्या चाळिसात गेलं.”

“असणार. मला तेव्हा सगळीच सारखी दिसत होती.”

त्याने तिथूनच फोन लावला. त्या बाई पडदे शिवतात. नाण्यांचं काय केलं, असं विचारल्यावर म्हणाल्या, काय करायचंय, पडद्यांच्या खालच्या काठात घालून शिवून टाकली. वजन असलं की पडदा सरळ पडतो, आणि भोक असलं की टाका घालायला सोपं. स्वस्तात मिळाली, आणखी असतील तर सांगा. कुठले पडदे, असं त्याने विचारलं. पलीकडचं उत्तर ऐकून त्याने फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं.

“वाचनालयाच्या सभागृहाचे.”

मी खुर्चीवर बसले. म्हणजे रविवारी बाबा अल्बम उघडून जिथे बसणार, तिथून दहा पावलांवर ते नाणं पडद्याला लटकत असणार होतं. आणि पडदा सरळ पडत असणार होता.

“तिथली लिफ्ट माझ्याकडेच आहे,” तो म्हणाला. “शनिवारी दुपारी महिन्याची तपासणी करायचीय. मदतनीस आणायची परवानगी असते.”

“मला लिफ्टमधलं काही कळत नाही.”

“मला नाण्यांमधलं कुठे कळत होतं.”

शनिवारी दुपारी सभागृहात उद्याची टेबलं मांडून ठेवलेली होती आणि माणूस एकही नव्हता. चार उंच खिडक्या, आठ पडदे, जाड गडद हिरवं कापड, नव्या कपड्याचा खळीचा वास. बाहेर पाऊस रिमझिमत होता, म्हणजे काचांवर होता आणि आत फक्त त्याचा आवाज. प्रत्येक पडद्यात पाच नाणी.

“तुम्ही त्या टोकाकडून, मी या टोकाकडून,” मी म्हटलं. “बोटांनी चाचपायचं. भोक मधे लागलं की सोडून द्यायचं.”

आम्ही दोघे गुडघ्यांवर बसलो. मधे पूर्ण सभागृह. तो तिकडून ओरडून सांगायचा, “मधोमध.” मी इकडून, “मधोमध.” पुन्हा, “मधोमध.” बाहेरून कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं दोन माणसं फार समाधानी आहेत.

एका पडद्याने तो जवळ आला. मग दुसऱ्याने.

“तुम्हाला एक सांगायचं होतं,” पडद्याआडून त्याचा आवाज. “मधोमध. तपासणीत मी खोटं बोललो.”

माझे हात थांबले. “काय खोटं?”

“शेवटच्या तीन काचा. पहिलं बरं की दुसरं... मला दोन्ही सारखंच दिसत होतं. तरी मी परत दाखवा म्हणत राहिलो.”

“चष्मा काढा.”

“का?”

“नंबर चुकला असेल. सोमवारी परत तपासते. तुम्हाला कळतं का, अर्ध्या नंबरने माणसाचं डोकं दुखतं वर्षभर—”

“नंबर बरोबर आहे,” तो म्हणाला. “मधोमध. खोटं फक्त वेळेपुरतं होतं.”

मी पुढच्या नाण्याकडे सरकले.

शेवटी मधली एक खिडकी उरली. एकच पडदा, मी अलीकडून, तो पलीकडून. कापडाखाली माझी बोटं एका नाण्याच्या कडेवरून गेली. मधे भोक लागलं नाही. मी आणखी सरकवली. कडेला... पार कडेला... एक पोकळी, आणि पलीकडे नखाएवढी पट्टी.

आणि त्या पोकळीतून, दोन पदर हिरव्या कापडाच्या पलीकडून, एक बोट माझ्या बोटाला लागलं.

“हे चुकलेलं आहे,” तो हळूच म्हणाला.

“हो.”

“सापडलं.”

“हो.”

दोघांपैकी कुणीही बोट काढलं नाही. नाणं सापडल्यावर बोट काढायचं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

“मुख्याध्यापिकाबाई...”

“काय?”

“तू रडतेयस का?”

तो मला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला, तेही पडद्याआडून. मी म्हटलं, “नाही. नवीन कापडाची ॲलर्जी आहे.” मग जरा वेळाने म्हटलं, “तुझ्याकडे रुमाल आहे का?”

खालून एक हात आला. त्यात रुमाल होता. अंगठ्यावर तीळ होता. चांगला अंगठा होता, हे मी आता मान्य करते.

आत्याच्या कात्रीने मी टाके उसवले. चकचकीत, पुदिन्याचा वास मारणारं, भोक सरकलेलं नाणं हातात आलं. त्याच्या जागी मी माझ्या पर्समधलं ते पहिलं, मधोमध भोकाचं नाणं घातलं आणि काठ शिवून टाकला. पडद्याने काही हरकत घेतली नाही.

संध्याकाळी दुकानात बाबा काच घासत होते. मी नाणं त्यांच्यासमोर ठेवलं आणि अठरा वर्षांचं सगळं एका दमात सांगितलं. मशीन बंद झालं. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. उलटून बघितलं, कडा बघितली. मग नाकाशी नेलं.

“पुदिना,” ते म्हणाले.

“माझी चूक आहे ती,” माझ्या मागून तो म्हणाला.

“हा कोण?”

“विक्रेता,” आत्या म्हणाली. “एका ताऱ्यावाला. पण नंबर आपल्याकडेच काढलाय.”

“हे नाणं कुणाचं होतं?” बाबांनी त्याला विचारलं.

“मामांचं. ते स्टेशनांवरच्या वजनाच्या यंत्रांची देखभाल करायचे. यंत्रात एखादं वेगळं नाणं निघालं की पदरचं साधं टाकायचे आणि ते ठेवून घ्यायचे.”

बाबांनी कडेवरची ओळखीची बारीक रेघ भिंगाखाली परत बघितली. मग ते उठले, कपाटातून अल्बम काढला, पान सात उघडलं. रिकाम्या खिशाखालची चिठ्ठी त्यांनी चिमटीने उचलली. तिच्या मागे एक छोटं, पिवळं पडलेलं जाड तिकीट होतं.

चोवीस किलो. आपल्या हातून मोठी कामे होतील.

“तुझ्या फ्रॉकच्या खिशात सापडलं होतं,” बाबा म्हणाले. “त्याच संध्याकाळी. मी म्हटलं, नाणं गेलं, पण मिळालेली वस्तू वाईट नाही. उद्या हेच दाखवणार होतो त्या पानावर.”

“तुम्ही मला काही बोलला का नाहीत?”

“तू खूश होतीस. वजन वाढलं होतं.”

मी खाली बघत म्हटलं, “पण आता ते घासलंय, बाबा. त्याचं वाटोळं झालंय.”

बाबांनी नाणं खिशात सरकवलं आणि बराच वेळ बघत राहिले. “हा कशाचा अल्बम आहे?” त्यांनी विचारलं.

“चुकांचा.”

“मग? आधी याच्यावर एक चूक होती, टाकसाळीची. मग एक तुझी झाली. आता एक याची.” त्यांनी अल्बम मिटला. “तीन चुकांचा नग या देशात दुसऱ्या कुणाकडे असेल तर आणून दाखवा. बसा हो तुम्ही. उभे का?”

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी पान सातसमोर होती. खाली नवी चिठ्ठी होती: ‘भोक सरकलेले. खर्च झालेले. घासलेले. एकच नग.’ आणि शेजारी तिकीट. तज्ज्ञ लोक पुदिन्याचा वास घेऊन माना हलवत होते. बाबांची मान ताठ होती. मागचे पडदे सरळ पडले होते.

दुपारी तो म्हणाला, “लिफ्टची चाचणी घ्यायचीय. येतेस?”

लिफ्ट अडकली नाही. असल्या ठिकाणी ती अडकते अशी अपेक्षा असते, पण तो मेकॅनिक चांगला आहे. दोन मजल्यांत त्याचं वाक्य पुरं होईना, म्हणून आम्ही परत खाली गेलो. मग परत वर. सहाव्या फेरीला तो म्हणाला, “मी फार काळजीपूर्वक काम करणारा माणूस नाही... हे तू लेखी दिलंच आहेस.”

“दिलंय.”

“पण एक गोष्ट मी नीट बघितलीय. गुरुवारी, चष्मा लागल्या लागल्या. तेव्हापासून दुसरं काही बघायची इच्छा नाही.”

दार उघडलं. बाहेर आत्या उभी होती. तिने आमच्या चेहऱ्यांवर एक मत बनवलं, आत हात घालून दार मिटायचं बटण दाबलं आणि जिन्याने गेली.

“दोन्ही डोळ्यांकडे एकदम बघितलं तर चालेल का आता?” त्याने विचारलं.

“आता तपासणी संपलीय,” मी म्हटलं. “चालेल.”

सातव्या फेरीचं मी सांगणार नाही. आठव्या फेरीत त्याने विचारलं, “तो एक तारा... वाढेल का?”

मी मोबाइल काढून बघितलं. नियम स्पष्ट होता: एकदा दिलेला अभिप्राय बदलता येत नाही. मग जे झालं ते झालं. म्हणजे झालं नाही, हे आपलं सुरुवातीलाच ठरलंय. पण काल मी पुढील पत्र पाठवलं, त्याची प्रत इथे देते.

प्रति, तक्रार निवारण अधिकारी, ग्राहक सेवा विभाग. विषय: ‘खजिना_बावीस’ या विक्रेत्यास दिलेल्या एक-तारा अभिप्रायाबाबत. महोदय, उपरोक्त विक्रेत्याकडून मागवलेली वस्तू विलंबाने, पडद्यातून, परंतु सुस्थितीत प्राप्त झाली. तिच्यासोबत विक्रेताही प्राप्त झाला. विक्रेता फोटोशी जुळत नाही. फोटोत केवळ अंगठा होता. सदर विक्रेत्याने सूचनेनुसार डोळे तपासून घेतले असून त्याचा नंबर माझ्याकडे आहे. अभिप्राय बदलता येत नसल्यास तो तसाच राहू द्यावा, आम्हाला त्याची सवय झाली आहे. मात्र माझ्या खात्यावर ‘वस्तू परत करण्याची मुदत’ अजून उघडी दिसते, ती कायमची बंद करावी. तसेच सदर विक्रेत्यापुढे ‘साठा: एकच नग’ अशी नोंद करून तो यापुढे अन्य कोणत्याही ग्राहकास, कोणत्याही शोधात, कधीही दाखवू नये, ही नम्र विनंती. सोबत: न झालेल्या विवाहाच्या दाखल्याची साक्षांकित प्रत.